लॉरीचे दागिने

चंद्रक्का माझ्या घरमालकीण. पण सामान घेऊन मी मन्नाएखेळ्ळीला त्यांच्या दारात उतरले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या बघत होत्या माझ्या गाडीकडे. जुनी, पांढरी, छोटीशी गाडी. तिच्याभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "हिला कुणी काय घातलं न्हाई व्हय?"

मला वाटलं पेट्रोलचं विचारतायत. "सकाळीच घातलंय," मी म्हटलं.

"आत न्हाई वो, अंगावर! लंकेची पार्वती करून फिरवायलात की बिचारीला."

ही आमची पहिली भेट. मी तिथल्या शाळेत हिंदी शिकवायला आले होते, म्हणून त्यांनी मला जे 'टीचर' म्हणायला सुरुवात केली ते शेवटपर्यंत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला अजून शंका आहे. गाडीचा नंबर मात्र पाठ होता.

त्यांचं दुकान हमरस्त्याला लागून, आणि मागच्या दोन खोल्या माझ्या. दुकानाच्या पाटीवर देवनागरीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत एकच नाव, 'लॉरी सिंगार'. नवऱ्याच्या वेळी तिथं पंक्चरची टपरी होती. तो गेल्यावर चंद्रक्कांनी टपरीचं दुकान केलं, दुकानाला शेड जोडली आणि शेडमध्ये खाजाभाई नावाचे वेल्डर आणून बसवले. इरकली लुगडं, त्यावर पुरुषी खाकी शर्ट आणि गळ्यात मोजायची टेप, असा त्यांचा थाट. ती टेप उलगडलेली मी कधी पाहिली नाही. माप सगळं वितीनं. विचारलं तर म्हणायच्या, "टेप गिराइकाच्या समाधानाला हाय, वीत माझ्या समाधानाला."

ट्रक हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. "ट्रक म्हणलं की तो गडी झाला. गड्याला कोण नटवतंय? लॉरी म्हणा. लॉरी ती हाय." हिंदीच्या बाईलाच लिंगविचार शिकवत होत्या, आणि तोही असा की मला खोडून काढता येईना. एकदा ती 'ती' ठरली की पुढचं सगळं ओघानं आलं. काचेच्या वरची नक्षीची पट्टी म्हणजे बिंदी. आरशाला लटकणारे रंगीत गोंडे म्हणजे झुबे. मागं लावायची लाल चमकती पट्टी म्हणजे गजरा. आणि सगळ्यांत मानाचा दागिना म्हणजे तोंडाला बसवायचा जाड नळ्यांचा लोखंडी गार्ड. त्याला त्या वज्रटीक म्हणत. बिदरपासून आळंदपर्यंतच्या लॉऱ्या, पिकअप आणि जीपा त्यांच्याकडून वज्रटीक घालून गेलेल्या. कन्नड बोलणारे ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, "अक्का, गट्टी इरोदु कोडरी." म्हणजे मजबूत असेल ते द्या. मग चंद्रक्का गार्डावर चप्पल घातलेल्या पायानं एक लाथ मारून दाखवायच्या. गार्ड हलायचा नाही, आणि ड्रायव्हर खूश.

माझ्या गाडीलाही वज्रटीक घालायचा त्यांनी चंग बांधला होता. रोज सकाळी मी शाळेला निघाले की त्या वीत घेऊन आडव्या यायच्या. मी आज उद्या करत राहिले. त्यात शहाणपण काही नव्हतं, निव्वळ आळस. पण आळसानं कधी कधी माणसाचं भलंही होतं.

चंद्रक्कांचं माहेर आळंद तालुक्यातलं निंबर्गा. तिथं त्यांचा धाकटा भाऊ तम्मण्णा शेती करायचा आणि पिकअपनं भाजीपाला न्यायचा. दिवाळीत भाऊबीजेला बहिणीनंच भावाला ओवाळणी घातली, ती म्हणजे खास खाजाभाईंकडून घडवून घेतलेला गार्ड. नेहमीपेक्षा जाड नळी आणि थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेला. "माझ्या भावाला कुणी धक्का लावून दाखवावा," असं त्या शेडभर सांगत फिरल्या.

धक्का कुणी लावला नाही. तम्मण्णाच कडगंचीजवळ समोर आलेल्या म्हशीला चुकवायला गेला आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळला. वेग फार नव्हता असं सगळेच म्हणतात. कठड्याचा दगड निघाला. गार्डाला ओरखडासुद्धा आला नाही.

यानंतर जे झालं ते फक्त आमच्या भागातच होऊ शकतं. निंबर्ग्याहून चार पाहुणे तीच पिकअप घेऊन दुकानात आले, पेढे घेऊन. एकानं झेंडूचा हार आणला होता. तो त्यानं गार्डाला घातला आणि म्हणाला, "अक्का, काय चीज बनवलीस! पूल फुटला, पर गार्ड फुटला न्हाई!" चंद्रक्कांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आन तम्मा?"

"हाय की दवाखान्यात. छातीला जरा लागलंय."

पेढा त्यांनी खाल्ला नाही. मला हाक मारून म्हणाल्या, "टीचर, गाडी काढा." कलबुर्गीच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा तम्मण्णाच्या बरगड्या मोडलेल्या, गळ्याजवळचं हाड निखळलेलं, आणि समोरचे दात गेलेले. तो बहिणीला बघून हसायला गेला आणि कळवळला. डॉक्टर तरुण होता. चंद्रक्कांनी त्याला फैलावर घेतलं, गाडीला काहीच लागलं नाही तर माणसाला एवढं कसं लागलं म्हणून. तो दमलेला होता. त्यानं एवढंच म्हटलं, "गाडीनं मार खाल्ला नाही ना बाई, म्हणून ह्यांनी खाल्ला. तिचं तोंड चेपलं असतं तर मार तिथंच संपला असता."

चंद्रक्का दुकानात परत आल्या, गार्डावरचा हार तोडून फेकला, आणि खाजाभाईंना म्हणाल्या, "हे कापून काढा." खाजाभाई चाचरले, "अक्का, इत्ता अच्छा माल…" तर म्हणाल्या, "अच्छा हाय मनूनच कापा."

त्या दिवसापासून 'लॉरी सिंगार'मध्ये वज्रटीक बंद झाली. शेडमधले तयार गार्ड त्यांनी कापून कोंबड्यांची जाळी आणि अंगणातलं दार केलं. माझ्या खोलीचं फाटक त्यातलंच होतं, उघडताना खांदा लावावा लागायचा. डॉक्टरांचं वाक्य त्यांनी आधी डॉक्टरांच्या नावावर सांगितलं, मग 'डॉक्टरबी तेच म्हणाले' असं सांगितलं, आणि संक्रांतीपर्यंत ते पूर्णपणे त्यांचं स्वतःचं झालं. "गाडीनं मार खावा. तिला काय, नवं तोंड मिळतंय. तुला मिळतंय व्हय?" गिऱ्हाईक तोंडाकडे हात न्यायचं.

गट्टी मागायला कुणी आलं की त्या म्हणायच्या, "तुमच्या कन्नडात गट्टी म्हंजे मजबूत. आमच्या मराठीत गट्टी म्हंजे दोस्ती. आता सांग, लोखंडाशी गट्टी करायलास का माणसाशी?" तो बिचारा गोंधळून निघून जायचा आणि पुढच्या दुकानातून गार्ड बसवून घ्यायचा. खाजाभाई कपाळाला हात लावायचे. "गिराक जारा सो देखो अक्का." अक्का म्हणायच्या, "जाऊ द्या. दुसरा येतोय." येतही होता, हे मान्य करायला हवं. त्यांच्याकडून शिव्या खाल्ल्याशिवाय बऱ्याच ड्रायव्हरांना लॉरी रस्त्यावर काढावीशी वाटायची नाही.

मग त्यांनी सगळ्या दागिन्यांची झडती घेतली. नियम एकच. टोचतो तो दागिना न्हाई. घालणाऱ्याला टोचायचा न्हाई आणि समोरच्यालाही टोचायचा न्हाई. जादाचे पांढरे दिवे गेले. "समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मिरची टाकायलास आन त्याला सिंगार म्हणायलास?" काचेवरचं मोठं देवाचं चित्र गेलं. देवाला खाली डॅशबोर्डावर बसवलं, "देवालाबी रस्ता दिसू दे की" म्हणून. चाकातून बाहेर आलेले टोकदार काटे तर त्यांनी भर रस्त्यात एका लॉरीचे स्वतः पान्यानं काढले. लॉरीवाला जेवायला बसला होता. तो हात न धुता धावत आला, आणि त्याच्या हातात एकेक काटा देत त्या म्हणाल्या, "मोटरसायकलवाल्याची मांडी फाडायलास व्हय रे? घे, घरी नेऊन वांगी भाज."

सगळ्यांत मोठी उलटापालट झाली ती लॉरीच्या पाठीची. मागे खाली जो आडवा लोखंडी दांडा असतो, गाडीबरोबरच आलेला, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शेताच्या बांधाला घासतो, खाणीच्या उताराला अडतो, म्हणून लोक तो कापूनच टाकतात. त्याला चंद्रक्कांनी नाव दिलं, कंबरपट्टा. कापलेला दिसला की लॉरी पुढं सोडायच्या नाहीत. "पाठ उघडी टाकून नवरी मांडवात जाती व्हय?" असं भर चौकात ऐकल्यावर चांगल्या मिशीवाल्यांनासुद्धा दांडा बसवून घ्यावा लागे.

खंडेनवमीला तर त्यांनी कहरच केला. आमच्याकडे त्या दिवशी लॉऱ्या धुऊन, केळीचे खुंट आणि झेंडू बांधून ओळीनं उभ्या करतात. पुढच्या बंपरापुढे नारळ आणि कोहळा फुटतो. चंद्रक्का ताट घेऊन निघाल्या त्या थेट लॉऱ्यांच्या मागे. कंबरपट्ट्याला हळदकुंकू, लाल पट्टीला फूल, आणि नारळ मागच्या चाकाशी. पुजारी पुढे मंत्र म्हणत एकटाच उभा. त्यानं ओरडून विचारलं, "अक्का, पूजा तोंडाची असते की पाठीची?" मागून उत्तर आलं, "तोंडाकडं सगळेच बघतात. पाठीवर कोण येऊन मरायलंय ते कोण बघायलंय?" पुजारी शेवटी ताट घेऊन मागे गेला. दक्षिणा मागेच मिळणार होती.

एवढं सगळं गाव ऐकत होतं, हसत होतं, आणि थोडंफार मानतही होतं. अशात त्यांच्या मुलानं स्वतःची लॉरी घेतली. महेश तसा गुणी मुलगा. आईसारखाच आडदांड, आणि आईसारखाच कुणाचं न ऐकणारा. शहाबादच्या फरशा भरून तो लातूरकडे जायचा. एक दिवस सकाळी तो खेप संपवून आला आणि लॉरी दुकानापुढे लावली. मी शाळेला निघाले होते. मी पाहिलं, खाजाभाईंनी पाहिलं, आणि मग चंद्रक्कांनी पाहिलं. पुढे दुसऱ्या गावच्या दुकानातून बसवलेला चकचकीत गार्ड. मागचा दांडा गॅसनं कापलेला.

"पुढं नको ते घातलास, आन मागचं पाहिजे ते काढलास," चंद्रक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"खाणीतल्या उताराला अडायलंय, आई. दर टाइमाला अडकलेलं सोडवत कोण बसतंय?"

"उतार वाकडा हाय तर उतार नीट कर. लॉरीची पाठ कामून कापतोस?"

"सगळेच कापतात."

"सगळ्यांची आई दुकान मांडून बसली न्हाई." मग त्या माझ्याकडे वळल्या, जणू मी पंच होते. "उद्या कोन्या तोंडानं दुसऱ्याला सांगू, टीचर? म्हणतील, आधी तुझ्या पोराची बघ. माझा शबूद गेला तर जाऊ दे. पर ह्याच्या मागं कुणाचा तरी तम्मा येऊन घुसंल, त्याचं काय?"

महेश हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "माझ्या मागं कोण येतंय ते मी कसं बघू? त्यानं बघून चालवावं."

आता ओरडाआरडा होणार म्हणून मी पर्स सावरली. पण चंद्रक्कांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "टीचर, किल्ली द्या."

त्यांनी माझी गाडी लॉरीच्या मागे आणून सरळ उभी करायला लावली. इंजिन बंद. महेशला म्हणाल्या, "बस. चालवणाऱ्याच्या जागी बस. काच वर कर. नुसतं ष्टेरिंग धरून बस." स्वतः त्याच्या शेजारी बसल्या, पदर नीट केला, आणि काचेतून आम्हाला खूण केली. खाजाभाईंनी आणि मी मागून गाडी ढकलायला सुरुवात केली. माझ्या गाडीचं काय होणार याचा विचार तिथं मी सोडून कुणीही करत नव्हतं.

गाडी हळू हळू पुढे सरकली. मी धक्क्याची वाट बघत होते. बंपर कशाला तरी लागेल, खट्ट होईल, मग थांबू. काहीच झालं नाही. बंपर आत गेला. दिवे आत गेले. सगळं बॉनेट लॉरीच्या खाली गेलं, अंथरुणात पाय जावेत तसं, आणि कुठं लोखंडाला लोखंड लागलं नाही. खाजाभाई ओरडले, "बस, बस!" मी हँडब्रेक ओढा म्हणून किंचाळले. गाडी थांबली तेव्हा लॉरीच्या हौद्याची जाड फळी काचेच्या अगदी तोंडाशी होती.

मी बाजूला जाऊन आत बघितलं. महेशच्या डोळ्यांसमोर ती फळी होती. तिच्यावर त्यानंच हौसेनं रंगवून घेतलेलं होतं, 'आईचा आशीर्वाद'. चंद्रक्कांनी काचेला हात लावून आपल्या कपाळापर्यंत वीत टाकली, मग तीच वीत मुलाच्या कपाळापर्यंत टाकली. मग विचारलं, "आवाज आला व्हय?"

"न्हाई," महेश म्हणाला.

"तम्माच्या टाइमाला लोखंडाचा तरी आवाज आल्ता. हितं तेबी न्हाई. गाडीला मार खायला जागाच न्हाई ठेवलास तू. सगळा हितं," आणि त्यांनी त्याच्या कपाळावर बोट टेकवलं.

महेशनं उतरून आधी माझी गाडी मागे ढकलली, एकट्यानंच. मग खाजाभाईंना म्हणाला, "चाचा, जोडा." खाजाभाईंनी कापलेल्याला ठिगळ मारलं नाही. पूर्वी होता तसाच जाड नवा दांडा, तेवढ्याच उंचीवर, चासीला पक्का बसवला. पुढचा गार्ड महेशनं दुसऱ्या दिवशी स्वतः पाने घेऊन काढला. चंद्रक्कांनी त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर शेंगाचटणी जरा जास्त वाढली, एवढंच मला दिसलं.

अशी ही बाई. ताप आला तर माझ्या कपाळाला हात लावून "काय न्हाई, ऊन लागलंय" म्हणायची, आणि डॉक्टरनं टायफॉइड सांगितल्यावर "तेच मी म्हणायलेय" म्हणायची. पाऊस येणार म्हणाली की हमखास ऊन पडायचं. दहातल्या सात गोष्टींत चंद्रक्का ठार चुकायच्या, आणि दहाही तितक्याच ठामपणे सांगायच्या. पण मला त्यांचा लळा लागला होता, आणि तो मी तिथं असताना त्यांना कधी सांगितला नाही, कारण सांगितला असता तर "म्हायीत हाय" असंच उत्तर आलं असतं.

माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढत होतं, चंद्रक्का टेम्पोच्या मागच्या लाल पट्टीवरून टेम्पोवाल्याला झापत होत्या, आणि तेवढ्यात महेशची लॉरी आली. तो खाली उतरला आणि त्यानं लॉरीच्या मागे बोट दाखवलं. आम्ही मागे गेलो. कंबरपट्टा मधोमध आत वाकला होता, आणि त्यात कुणाच्या तरी बंपरचा तांबडा तुकडा अडकलेला होता.

चंद्रक्कांनी दांड्यावर हात ठेवला. काढला नाही. मुलाकडे न बघता विचारलं, "माणसं?"

"मी नाक्यापाशी थांबल्तो. मागून कार येऊन धडकली. तिघं होते, नवराबायको आन पोरगी."

"माणसं, महेश."

"उतरली आन भांडायलीत की! त्यो माझी गचांडी धरायला, आन बाई तर चप्पल काढून धावली. मी तिला म्हणलं, अक्का, मागून तुम्ही आलात. तर आईवरून शिव्या, आई. लई घाण शिव्या. तुझ्या नावानं."

चंद्रक्का चाकाला टेकून खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. खांदे हलताना दिसले म्हणून मी धावले, तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही थांबत नव्हतं.

"दिऊ दे रे," त्या म्हणाल्या. "तोंड ऱ्हायलं मनून द्यायली. पोचल्या म्हणावं मला, सगळ्या पोचल्या."